पायऱ्या नसलेला राजवाडा

पेंटर कुठे भेटतील, असं मी ज्यांना विचारलं त्या स्वतःच पेंटर होत्या, हे मला दिवेलागणीला कळलं. तोवर मी खामगावात एका रंगाऱ्याच्या आवारात पोत्यावर बसून पेंटरची वाट पाहत होतो आणि त्या माझ्यासमोर बसून मला पेंटरच्या गोष्टी सांगत होत्या.

त्याचं असं झालं. मी एका नाटक मंडळीत पेटी वाजवायला नुकताच लागलो होतो. कापसाच्या हंगामात मंडळीचा मुक्काम खामगावला असे. मालकांनी मला पिटाळलं, "जंगलाचा पडदा कुठवर आला ते पेंटरला विचारून या." मी गेलो. आवारात दोऱ्यांवर रंगवलेली लुगडी वाळत होती. खाली भलंमोठं कापड अंथरलं होतं आणि त्यावर हिरवं लुगडं नेसलेल्या, रुंद कपाळाच्या एक बाई लोखंडी चाकं लावलेल्या फळीवर बसून झाडं काढत होत्या. मी विचारलं, "बाई, पेंटर आहेत का घरात?"

त्यांचा कुंचला थांबला.

"काय म्हणले?"

"पेंटर आहेत का?"

"त्याच्या आंधी काय म्हणले?"

"बाई, म्हणालो."

"बसा," त्या म्हणाल्या. "पेंटर बाहीर गेलं आहे. येईनच आता."

आणि मी बसलो. बाईंनी मला चहा पाजला, भुईमुगाच्या शेंगा दिल्या आणि पेंटर किती विचित्र माणूस आहे ते रंगवून सांगितलं. पेंटर म्हणे सकाळी उठून आधी आरशाशी भांडतो. पेंटरचं लग्न ठरलं होतं, पण नवरीचं लुगडं त्याला इतकं आवडलं की त्यानं लग्न मोडलं आणि लुगडं ठेवून घेतलं. मी पोट धरून हसलो. संध्याकाळी मालक तणतणत आले आणि थेट बाईंना म्हणाले, "काय रे पेंटर, झालं की नाही जंगल?" मी इकडेतिकडे पाहिलं. आवारात आम्ही तिघं आणि एक शेळी. बाई मला म्हणाल्या, "आलं पाहा पेंटर, मास्तर. नमस्कार करा." मी केला, नेमका कोणाला ते न कळता.

बाईंचा जन्म साखरखेर्ड्याकडच्या एका शेतकरी घरात मुलगा म्हणून झाला होता. जन्माचं नाव मला ठाऊक आहे. ते इथं लिहीत नाही, कारण बाईंनी ते टाकून दिलं होतं आणि दुसऱ्यानं टाकलेली वस्तू उचलून पुन्हा त्याच्या दारात नेऊन ठेवणं बरं नव्हे. लहानपणीच्या तापात दोन्ही पाय लुळे पडले. मोठेपणी घर सोडून त्या खामगावला आल्या आणि रंगाऱ्याच्या आवारातली मागची खोली त्यांना मिळाली. रंगाऱ्याची बायको, जिला सगळं गाव चाची म्हणे, ती पहिल्या दिवसापासून त्यांना "आपा", म्हणजे ताई, म्हणत आली. का म्हणून विचारलं तर चाची म्हणायची, "लुगडा पहनी है, तो आपा नहीं तो क्या तहसीलदार?"

गावाला मात्र हे इतकं सोपं जात नव्हतं. बाई म्हणायला जीभ वळेना आणि बुवा म्हणावं तर समोर लुगडं. मग गावानं युक्ती काढली. "पेंटर आलं", "पेंटर गेलं", "पेंटर जेवून राह्यलं". जसं काही एखादं वासरूच दारात आलंय! बाई वरवर हसत. पण मी पहिल्या दिवशी चुकून बाई म्हणालो, त्याचं बक्षीस म्हणून त्यांनी मला जन्मभर शेंगा खाऊ घातल्या, यावरून काय ते समजावं.

आपल्याविषयी विचारणाऱ्याला बाई कधी एकच गोष्ट सांगत नसत. पाय कसे गेले? शेगावला आलेल्या यात्रेकरूंना सांगत, "देवीनं पाय घेतले अन् लुगडं देल्लं. सौदा काई वाईट नाई." शाळामास्तरला सांगितलं, पूर्णा नदीत मगरीनं पाय नेले, पण चव न आवडल्यामुळे परत आणून दिले, तेव्हापासून ते रुसलेत. स्टेशनातल्या बाबूला सांगितलं की पाय पार्सलनं पाठवले होते, जलंब जंक्शनला गाडी बदलताना हरवले. एकदा मी धिटाईनं म्हणालो, "बाई, मागच्या बुधवारी तर तुम्ही मगर म्हणाला होतात." त्या शांतपणे म्हणाल्या, "ते मागच्या बुधवारचे पाय होते, मास्तर."

पडद्याच्या बाबतीत मात्र त्या अजिबात थट्टा चालवून घेत नसत. त्यांची रीत अशी की आधी त्या चित्रात कोण राहतं ते ठरायचं, मग कापडाला रंग लागायचा. मालक म्हणत, "अरे, जंगल आहे. जंगलात कोण राहणार?"

"कोणीच नाई?"

"कोणी नाही."

"मंग मी सावली कोणासाठी काढू?"

शेवटी त्या जंगलात एक म्हातारा लाकूडतोड्या राहायला आला, त्याला तीन सुना मिळाल्या, सुनांची भांडणं झाली आणि मगच पहिलं झाड उगवलं. प्रेक्षकांना त्यातलं काही दिसत नसे. पण झाडं बघून वाटे, मागं कुठंतरी चूल पेटलेली आहे.

कापड जमिनीवर अंथरून त्यावर फळी सरकवत रंगवायचं, म्हणजे चाकं ओल्या रंगातून जाणारच. त्यामुळे आमच्या मंडळीच्या आकाशात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन समांतर रेघा असत. देव त्या आकाशातून खाली उतरत. गावोगावचे लोक विचारत, ह्या काय आहेत? खामगावच्या लोकांना विचारावं लागलं नाही. पडदा उघडताच पिटातून कोणीतरी ओरडला, "अबे, जलंबची लाइन वर गेली!" आणि त्यानंतर देवाचा प्रवेश झाला की लोक तोंडानं शिटी वाजवू लागले. मालकांनी रेघा पुसायला सांगितल्या. बाई म्हणाल्या, "देव पायी येतात असं कोनं सांगलं तुमाले?"

आणि पायऱ्या. बाई पायऱ्या काढत नसत. देऊळ असो, नदीचा घाट असो, राजवाडा असो, सगळीकडे उतार. त्यांच्या देवळात गाभाऱ्यापर्यंत बैलगाडी गेली असती. सिंहासनालासुद्धा पायरी नाही, एक छोटा घसरता उतार. त्याच्यासमोरून जाताना आमचे राजे दर प्रयोगाला दचकत, तो चित्रातला आहे हे विसरून. मालकांनी डोकं धरलं.

"पायऱ्यांवाचून राजवाडा कुठं असतो का रे?"

"ज्या घरात मले जाता येत नाई, ते मी काऊन काढू?" बाई म्हणाल्या. "मी मालकीण आहे त्या वाड्याची. मालकिणीनंच बाहीर बसावं का?"

यावर मालकांकडे एकच हुकमी पान होतं आणि ते त्यांनी टाकलं. बाईंच्या प्रत्येक राजवाड्यात वरच्या सज्ज्याच्या खिडकीत एक बाई बसलेली असे. हिरवं लुगडं, रुंद कपाळ, नजर लांब कुठंतरी. मालक म्हणाले, "मग ही वर गेली कशी? सांग ना! जिना तर नाही तुझ्या वाड्यात."

बाईंनी फळी त्या खिडकीपाशी नेली.

"त्याचाच तर इचार करून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं झाली. तिले खाली कसं आनाव?"

खिडकीतल्या बाईची गोष्ट त्या रंगवता रंगवता तुकड्यातुकड्यानं सांगत आणि मंडळीतले सगळे नट तालीम सोडून ऐकायला येऊन बसत. ती रुसली आहे, ती जेवत नाही, तिला खालून सगळे भलत्याच नावानं हाका मारतात म्हणून ती ओ देत नाही. याचा परिणाम भर प्रयोगात दिसला. आमचे राजे आपलं वाक्य विसरले, मदतीसाठी वर पाहिलं, खिडकी दिसली आणि ते गंभीरपणे म्हणाले, "प्रधानजी, वरची बाई आज सकाळपासून जेवली नाही!" पिटातून लगेच आवाज आला, "काऊन?" राजांनी सांगितलं. प्रधानांनी भर घातली. शत्रूनं दिलेला वेढा तसाच राहिला आणि लोकांनी त्या दिवशी शत्रूपेक्षा त्या बाईची जास्त काळजी केली.

आता शेठजींविषयी. नवा दरबारचा पडदा ज्यांच्या खर्चानं झाला ते कापसाचे मोठे व्यापारी होते. मांडवही त्यांच्याच जिनिंगच्या आवारात होता. दिलदार गृहस्थ, पण नजर अधू. चष्मा खिशात असे आणि तो खिशातच राही. एकदा चष्मा लावून बाजारात गेले आणि त्याच दिवशी कापसाचा भाव पडला. तेव्हापासून हंगाम संपेपर्यंत चष्मा लावायचा नाही असा त्यांनी नेम धरला. त्यांचं पाहून आणखी दोघा व्यापाऱ्यांनीही चष्मे काढले आणि त्या मोसमात खामगावच्या बाजारात माणसं एकमेकांवर आदळत होती. तर पेंटरला कधीच न पाहिलेल्या या शेठजींनी ठरवलं की रविवारी दुपारच्या खेळाआधी पेंटरला स्टेजवर बोलवून शाल द्यायची.

पेंटर लुगड्यातच स्टेजवर येणार, या कल्पनेनं मालकांची पाचावर धारण बसली. त्या काळी वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले. शेठजींची वट तिथपर्यंत होती आणि मालकांना पुढच्या वर्षी मंडळी नागपूरला न्यायची होती. त्यांनी पेटाऱ्यातून प्रधानाचा कोट, पगडी आणि धोतर काढलं आणि माझ्याबरोबर बाईंकडे पाठवलं. निरोप असा, की हे घालून या, जन्माच्या नावानं पुकारू, शाल घ्या आणि परत जा. घटकाभराचा तर प्रश्न आहे.

मी कपडे समोर ठेवले तेव्हा आमची नायिकाही तिथंच होती. नायिका म्हणजे सोलापूरकडचा एक गोरा, नाकेला गडी. तो बाईंकडून निऱ्यांचा झोक शिकायला येई. बाई त्याला म्हणाल्या, "पाहा बाप्पा. तुमी लुगडं नेसलं का शेठ खुर्चीतून उठते, टाळ्या पडते. अन् मले सांगून राह्यले, लुगडं सोडून ये."

नायिका ओशाळला. म्हणाला, "मी जाऊ का तुमच्याऐवजी? लुगड्यातच जातो. मी पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे कोणाची हरकत नाही."

या बोलण्यातली गंमत त्याची त्यालाच कळली नाही. बाई मात्र हसल्या नाहीत. कोटावरून हात फिरवत म्हणाल्या, "या कंपनीत सारे सोंग घेते, मास्तर. मी एकटीच घेत नाई. मालकाले सांगा, शाल नाई देल्ली तरी चालते. पन या गावात एकडाव, सगळ्यांसमोर, मले बाई म्हनून हाक मारा. मंग मी मेली तरी चालते."

मी मालकांना हे जसंच्या तसं सांगितलं. मालक म्हणाले, "वेडा आहेस काय?" दुसऱ्या दिवशी प्रधानाचा कोट चाचीच्या शेळीच्या अंगावर दिसला. थंडीचे दिवस होते. शेळी कोट घालून बाजारपेठेतून हिंडून आली आणि दोघातिघांनी तिला रामराम केला.

रविवार उजाडला. मांडवात एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं बायका. बाईंना दोन्हीकडे जागा नव्हती. त्या नेहमीसारख्या माझ्या पेटीशेजारी, स्टेजच्या लाकडी पायऱ्यांच्या तळाशी, फळीवर बसल्या होत्या. तेच हिरवं लुगडं. दरबारचा पडदा सुटला आणि मी वर पाहिलं. खिडकी रिकामी होती. सज्ज्यातली बाई खाली, दरबाराच्या दारात, उताराच्या पायथ्याशी बसली होती. पुरी माणसाएवढी. हातात कुंचला, खाली चाकांची फळी. बाईंनी हे कधी काढलं, कोणाला पत्ता नव्हता.

मालकांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी स्टेजवरून बाईंचं टाकलेलं नाव पुकारलं, आधी "श्रीयुत" लावून. कोणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. बाई पेटीच्या भात्याकडे पाहत बसल्या. पेंटरची प्रकृती बरी नाही, असं काहीतरी मालक बोलणार, तोच शाल घेऊन उभे असलेले शेठजी डोळे बारीक करून पडद्याकडे वळले.

"अरे, हे काय समोर बसेल आहे! बाई आहे होय पेंटर? पहिले सांगाचं ना, भाऊ!"

आणि ते पडद्यापाशी गेले, हात जोडले, म्हणाले, "बाई, लई झकास काढलं तुमी." उत्तराची वाट पाहिली. "लाजून राह्यली," असं त्यांनीच मालकांना समजावलं. मग वाकून शाल पांघरली. शाल कापडावरून घसरून खाली पडली. त्यांनी उचलून पुन्हा पांघरली. पुन्हा पडली. मांडवात हसू फुटायला लागलं होतं आणि मालक जमिनीत शिरायला भेग शोधत होते.

"शेठजी," माझ्या शेजारून आवाज आला, "मी इकडं आहो. ते चित्र आहे."

शेठजींनी वळून खाली पाहिलं. त्यांना हिरवा ठिपका दिसला असणार.

"दोघी आहे का तुमी?"

"एक काढेल अन् एक काढनारी."

"थांबा, बाई, उठू नका. मीच येतो," शेठजी म्हणाले आणि मोठ्या ऐटीत पायऱ्या उतरायला निघाले. चष्मा खिशात होता. पहिली पायरी त्यांना सापडली. दुसरी सापडली नाही. कापसाचे एवढे मोठे व्यापारी धडधडत खाली आले आणि थेट बाईंच्या फळीशेजारी बसते झाले. पगडी माझ्या पेटीवर आली.

मालकांनी डोळे मिटून घेतले. नागपूर गेलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

बाईंनी शेठजींच्या कोटावरची धूळ झटकली. म्हणाल्या, "म्हनून मी पायऱ्या काढत नाई, शेठजी."

शेठजींनी खिशातून चष्मा काढला. भावाची पर्वा न करता तो लावला. त्यांनी बाईंकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, वर पडद्याकडे, त्या उतारांकडे पाहिलं आणि ते असे काही हसले की मांडवाचे पत्रे वाजले. मग तिथंच, जमिनीवर बसल्या बसल्या, त्यांनी बाईंच्या खांद्यावर शाल घातली आणि ओरडले, "अरे, बाईसाठी टाळ्या वाजवा ना!"

टाळ्या झाल्या, त्या होणारच होत्या. पण पुढचं कोणी ठरवलेलं नव्हतं. बायकांच्या बाजूचा चिक वर झाला आणि कोणीतरी म्हणालं, "बाई, तिकडं काऊन बसता? इकडं या न." लगेच चाचीचा खणखणीत आवाज, "आपा! इधर जगह है!" मग चारी बाजूंनी बाई, बाई सुरू झालं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, शाल सावरली आणि फळी वळवली. बायका पाय आखडून वाट देत होत्या. चाकांचा खडखड आवाज चिकामागं गेला आणि थांबला. मला पेटीच्या पट्ट्या दिसेनात. त्या दिवशी नांदी मी भलत्याच स्वरात उचलली आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

गाव एका दिवसात सुधारलं असं कोणी समजू नये. "पेंटर आलं" पुढंही चालूच राहिलं. पण मधूनच एखादा भाजीवाला सवय मोडून "बाई, मेथी घ्या" म्हणे आणि बाई गरज नसताना मेथी घेत. खेळानंतर मी त्यांना विचारलं होतं, "मग खिडकीतली बाई खाली आली कशी, ते सांगा."

"तुमच्या शेठसारखी," त्या म्हणाल्या. "पडली. लागलं थोडंसं."

पुढं मंडळी मोडली. मी खामगावातच गाण्याच्या शिकवण्या धरल्या आणि यथावकाश घर बांधायला काढलं. बाई माझ्या भाड्याच्या घरी कधी आत आल्या नव्हत्या. तिथं ओट्याला तीन पायऱ्या होत्या. मी उचलून नेतो म्हटलं की म्हणत, "मी का कापसाचा गठ्ठा आहो?" म्हणून नव्या घराला मी पायऱ्या ठेवल्या नाहीत. गवंडी नाराज झाला, बायकोनं कपाळाला हात लावला, पण दारापुढं उतार झाला. त्याची खबर बाईंना लागली आणि चुना वाळायच्या आतच त्या येऊन थडकल्या. गवंडी "अजून ओलं आहे, ओलं आहे" ओरडत राहिला. त्या खडखडत वर चढल्या, उंबऱ्याशी थांबल्या, तिथंही उंबरा नाही हे पाहून आत गेल्या, सगळ्या खोल्या हिंडल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "चहा ठेव वं माय. अन् सांग, या घरात कोन कोन राह्यते?" संध्याकाळपर्यंत त्यांनी आमच्या कोऱ्या घरात आणखी पाच माणसं वसवली. त्यातल्या एका आत्याबाईंना माझी मुलं पुढं कितीतरी वर्षं घाबरत होती.

बाई आता नाहीत. उतारावर त्यांच्या चाकांच्या दोन रेघा आहेत. गवंड्याला मी त्या लिंपू दिल्या नाहीत. घराला पायऱ्या का नाहीत, असं लोक विचारतात तेव्हा मी कोणाला गुडघे सांगतो, कोणाला वास्तुशास्त्र, कोणाला देवीचा कौल. कोणी म्हणालं की मागं तुम्ही दुसरंच सांगितलं होतं, तर तो मागच्या बुधवारचा उतार होता, असं सांगून मोकळा होतो.

पण त्या दोन रेघा कशाच्या, असं कोणी विचारलं तर मी खेळ करत नाही. दर वेळी तेच सांगतो. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या.